शिरस्त्राणासाठी कापड बेतताना

युरोपातल्या बहुतेक शस्त्रसंग्रहालयांत तेराव्या-चौदाव्या शतकातली शिरस्त्राणं बोडकी दिसतात. काचेमागे, दिव्याखाली, नुसतं काळपट लोखंड. बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयात दार्गेन या गावी सापडलेला टोप आहे, एडिंबरात सर रिचर्ड पेंब्रिजचा टोप आहे, जो मुळात हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये त्याच्या थडग्यावर होता. दोन्ही असेच, अंगावर कापडाचा धागा नाही. सरदार लोक असंच झगझगतं लोखंड डोक्यावर घेऊन हिंडत असतील, अशी समजूत होते ती यामुळेच. सिनेमावाल्यांनी ती आणखी पक्की केली.

त्या काळातली चित्रं उघडली की वेगळंच दिसतं. झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात १३४० च्या सुमाराची चर्मपत्राची एक लांबलचक गुंडाळी आहे, उंची जेमतेम साडेबारा सेंटीमीटर आणि लांबी चार मीटरच्या आसपास. तिच्यावर साडेपाचशेच्या वर सरदार घराण्यांची चिन्हं रंगवली आहेत. ढालीवर टोप, टोपावर तुरा, आणि तुऱ्याच्या बुडाशी कापड. ते कापड टोपावरून मागे मानेवर उतरतं. कित्येक ठिकाणी तुरा कुठे संपला आणि कापड कुठे सुरू झालं हेही कळत नाही. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातली मानेसे ही कवितांची पोथी त्याच काळातली. तिच्यात १३७ कवींची पानभर चित्रं आहेत आणि त्यातले बरेच कवी घोड्यावर, शस्त्रांसह. उलरिख फॉन लिख्टेनश्टाइनच्या टोपावर तर साक्षात व्हीनस देवी उभी आहे. कापड, रंग, सोनं यांची नुसती चंगळ. लोखंड टिकलं, कापड कसरीने आणि दमट हवेने खाल्लं, एवढाच काय तो फरक.

मी जर्मनीत कार्ल्सरुहेत नोकरी करतो आणि सुट्टीत एका गटाबरोबर १३५० च्या आसपासचं ऱ्हाइनकाठचं जगणं उभं करतो. तंबू, चूल, कपडे, शस्त्रं, रिंगणातल्या बोथट तलवारींच्या लढती, सगळं शक्य तितकं त्या काळचं. माझ्याकडे टोप होता, चेक देशात, बोहेमियातल्या एका लोहाराकडून घडवून घेतलेला, सुमारे तीन किलोचा. तो उन्हाळ्यात घालायचा म्हणजे शिक्षा. गटातल्या शिवणकाम बघणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "तुझा टोप नागडा आहे. अर्धवट कपडे घालून तू रिंगणात उतरतोस." त्यांचं बरोबर होतं. मी इचलकरंजीचा. आमच्याकडे सगळ्या गल्लीत मागांचा खडखडाट, कापडाची भीती वाटण्याचं काही कारणच नव्हतं. पण माझं ज्ञान ताण्या-बाण्यापर्यंतचं. कापड तयार झाल्यावर त्याचं पुढे काय करतात ते घरातल्या बायकांचं खातं होतं.

सुरुवात शिवण्यापासून होत नाही, टोप वाचण्यापासून होते. माझ्या टोपाचे चार भाग आहेत: खाली पुढचा आणि मागचा पत्रा, त्यांच्यावर निमुळता होत जाणारा शंकूसारखा पट्टा, आणि सगळ्यात वर थोडीशी घुमटी आलेली टोपी. हे भाग रिव्हेटांनी जोडलेले. पुढच्या बाजूला मधोमध एक उभी धार, वार घसरून जावा म्हणून. डोळ्यांसाठी बोटभरापेक्षाही अरुंद आडवी फट, आणि तिच्याखाली उजव्या गालावर श्वासाची भोकं. शिवाय वरच्या पट्ट्याच्या काठाने भोकांच्या जोड्या. पेंब्रिजच्या टोपालाही अशा जोड्या आहेत. त्यांतून दोऱ्या ओवून तुरा आणि कापड बांधत. म्हणजे बेताचा सांगाडा लोखंडातच दिलेला होता. कापड कुठे बांधायचं हे मी ठरवायचं नव्हतंच, लोहाराने ठरवून ठेवलं होतं.

मर्यादाही तिथेच ठरतात. डोळ्यांची फट आणि श्वासाची भोकं यांच्या जवळपासही कापड येता कामा नये. रिंगणात धक्का बसून कापड दोन सेंटीमीटर खाली घसरलं तर माणूस आंधळा होतो, आणि बोथट असली तरी समोरची तलवार आंधळ्याची वाट बघत नाही. म्हणून पुढची कड फटीच्या किमान दोन बोटं वर थांबवायची, ती कडक ठेवायची, आणि बांधणी अशी की पुढे ओढ बसलीच तर कापड वर सरकेल, खाली नाही.

कापड निवडणं हा या कामातला सगळ्यात मजेचा भाग, आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. दुकानात 'मध्ययुगीन' म्हणून जी मखमल विकतात ती पॉलिएस्टरची असते. एक धागा काडीने पेटवून बघायचा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख राहते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. मला हवी होती ती दाट केलेली लोकर, म्हणजे विणल्यावर ओली करून, तुडवून-कुटून धागे एकमेकांत गुंतवलेलं कापड. पूर्वी या कामात जी माती वापरायचे ती आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची. असं कापड कापलं तरी कडेने उसवत नाही. लंडनमध्ये थेम्सच्या काठी उत्खननात चौदाव्या शतकातल्या कापडाचे तुकडे चिखलात टिकून राहिलेले सापडले. त्यात कडा पानांसारख्या कातरलेले लोकरीचे तुकडे आहेत आणि त्या कातरलेल्या कडांना दुमड नाही. गरजच नव्हती.

रंग लाल घेतला. आमच्या गटातल्या एकीने तो मॅडरच्या मुळांनी दिला होता. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात शिजवायची, मग मुळांच्या पाण्यात, पण ते पाणी उकळू द्यायचं नाही. फार तापलं की लालाचा विटकरी होतो. आणखी एक गोष्ट तिने सांगितली, जिने माझा अख्खा बेत बदलला. वनस्पतीच्या रंगांना लोखंड लागलं की ते काळवंडतात. रंगारी मुद्दाम लोखंडाचं पाणी घालून रंग गडद करतात. इथे तर घामाने ओली झालेली लाल लोकर थेट लोखंडावर बसणार. म्हणजे अस्तर हे केवळ टापटिपीसाठी नव्हतं, रंगाच्या बचावासाठी होतं. जाड लिननचं, न रंगवलेलं अस्तर घालायचं ठरलं, आणि टोपाला बाहेरून जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन तो चुलीच्या धगीवर भाजून घेतला.

आता माप. टोपाला पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळला, वर चिकटपट्टीचे आडवे-उभे थर दिले, मार्करने रिव्हेट, भोकं, धार, कड सगळं आखलं आणि मग ते कवच कापून सपाट केलं. शंकूचा वरचा भाग उलगडल्यावर काय होतं हे मला इंजिनियर म्हणून तोंडपाठ असायला हवं, पण खरं कळलं ते टेबलावर पडलेल्या त्या चिकटपट्टीच्या तुकड्याकडे बघताना. भेळेच्या कागदी पुड्याचं टोक कापून तो उलगडला तर जी कमान मिळते, तीच ही. सरळ पट्टी गुंडाळून शंकू झाकला जात नाही, वरच्या कडेला चुण्या पडतात. आणि वरच्या घुमटीला कमानही पुरत नाही, तिथे कळ्या, म्हणजे वर निमुळते होत जाणारे तुकडे, लागतात.

कळ्यांबद्दल मी इचलकरंजीला मावशीला फोन केला. तिने आयुष्यभर परकर-ब्लाऊज आणि लहान मुलींचे झगे शिवले. मी कॅमेऱ्यासमोर टोप धरला.

"अरे हे काय घमेलं आहे का?"

"लढाईचा टोप आहे, मावशी. याला अंगचं कापड शिवायचंय."

ती थोडा वेळ बघत राहिली. "चार कळ्या कर. सहा केल्यास तर नुसत्या शिवणीच होतील, जाड होईल. आणि ही पुढची धार आहे ना, तिच्यावर शिवण आणू नकोस. कण्यावर आलेली शिवण आधी जाते."

"मग धारेवर काय?"

"कळीचा मध. उभा धागा बरोबर धारेवर. शिवणी दोन्ही कानशिलांवर आणि मागे घे."

चार कळ्यांच्या चार शिवणी, धारेवर कळीचा मध आला की त्या आपोआप पंचेचाळीस अंशांवर जातात. धार मोकळी राहते आणि तिच्यावर कापडाचा सगळ्यात ताकदवान धागा उभा पडतो. लोखंडाची धार कापडाला आतून सतत घासत असते, बाहेरून तिच्यावर वार बसतात. मावशीने टोप कधी पाहिला नव्हता, पण झिजणारी जागा तिला एका नजरेत दिसली.

कच्चा नमुना जुन्या चादरीवर न करता जुन्या लष्करी कांबळ्यावर केला. सुती चादर दाखवते ते माप खरं असतं, पण लोकर जशी वागते तशी ती वागत नाही. लोकरीचं कापड जाड, ते वळताना आतल्या बाजूला जागा खातं, आणि ओलं असताना ताणाल तसं बसतं. कांबळ्याचा नमुना टोपावर घातल्यावर शिवणमायेचा, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेल्या कापडाचा, प्रश्न लगेच दिसला: दोन थर लोकर, दोन थर अस्तर, आणि खाली रिव्हेटची डोकी. जिथे शिवण रिव्हेटवर येत होती तिथे गाठ उठल्यासारखं दिसायचं. म्हणून चारही शिवणी एका बाजूला बोटभर फिरवल्या, रिव्हेटांच्या मधल्या जागेत बसतील अशा.

शिवण हाताची. दोरा लिननचा, मेणावरून ओढून घेतलेला. मेणाने दोरा गुळगुळीत होतो, पीळ सुटत नाही आणि टाका घट्ट बसतो. कळ्या जोडायला उलटी टीप, सेंटीमीटरला तीन-चार टाके. मग माया दोन्ही बाजूंना उलगडून बारीक टाक्यांनी कापडाला आतून बसवली, म्हणजे शिवण टोपाच्या गोलाईवर चपटी पडते. अस्तर वेगळं शिवून आत घातलं, दोघांच्या शिवणी एकमेकींवर येणार नाहीत अशा फिरवून. अंगुस्ताना वापरायची सवय मला नव्हती, ती जाड लोकरीने लावली.

पुढच्या कडेला दोन बोटं रुंद लिननची पट्टी दोन्ही थरांच्या मध्ये घातली, कडक राहावी म्हणून, आणि तिच्यावर आडव्या धावदोऱ्याच्या चार ओळी. कडेला उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीचा गोट दिला. गोटाचा रंग पांढरा. ढाल लाल-पांढरी आहे, म्हणून. वंशचिन्हांच्या परंपरेत बाहेरून मुख्य रंग आणि आतून सोनेरी किंवा चंदेरी, म्हणजे पिवळा किंवा पांढरा, असा संकेत पुढे रूढ झाला. मी आतलं पांढरं गोटावर आणलं, एवढंच.

त्यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडली आणि ती कुठल्याही शिलाई मशीनवर होत नाही. टोपावर प्लास्टिकची पिशवी चढवली, लोकरीचं आवरण कोमट पाण्यात भिजवून पिळून ओलंच त्यावर बसवलं, हाताने दाबत, वाफेची इस्त्री जवळ धरत चुण्या घालवल्या आणि तसंच वाळू दिलं. लोकर वाळताना आकसते आणि खालचा आकार घेते. दुसऱ्या दिवशी काढल्यावर ते आवरण टेबलावर टोपासारखं उभं राहिलं. कांबळ्याच्या नमुन्यावर जिथे थोडी ढील राहिली होती ती इथे नाहीशी झाली. हेच लिननच्या आवरणावर कधी साधलं नसतं.

बांधणीची भोकं कात्रीने किंवा पंचने पाडायची नाहीत. टोकदार आरीने धागे बाजूला सारून भोक करायचं, मग कडेने दाट टाके मारायचे. धागा तुटत नाही म्हणून ओढ बसली तरी भोक फाटत नाही. भोकांची जागा टोपाच्या आतून खडूने खूण करून घेतली. कापड बाहेरून घातलेलं असताना आतून प्रत्येक भोकात खडूची काडी घालायची, की अस्तरावर पांढरा ठिपका पडतो. दोऱ्या बोटांवर फासे घेऊन विणल्या, पाच फाशांची गोल वीण, टोकाला पितळेच्या छोट्या नळ्या. गाठ टोपाच्या बाहेर. आत गाठ आली की वार बसताना ती अस्तराच्या गादीतून थेट टाळूत घुसते.

मागचा पदर शेवटी जोडला. तो मानेवरून खांद्यांपर्यंत उतरतो, लोकरीचा एकेरी, बिनअस्तराचा. कडेला पानांसारखी कातर. कातरणं पटकन झालं, जेवढं भीतीचं वाटत होतं त्याच्या अर्धंही कठीण नाही. कार्डबोर्डचा एक साचा, खडू आणि धार लावलेली कात्री. दाट लोकरीला मोजलेले पैसे इथे वसूल होतात.

मग जुलैतला पहिला कार्यक्रम. असं कापड लोखंड उन्हात तापू नये म्हणून होतं, धर्मयुद्धांच्या वेळी पॅलेस्टाइनच्या उन्हात ते सुरू झालं, हे स्पष्टीकरण सगळीकडे ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. उन्हात उभं राहिल्यावर बोडक्या टोपाला हात लावता येत नव्हता, कापड घातलेल्याला लावता येत होता, एवढं खरं. पण आत आपलाच श्वास कोंडतो, त्याची उष्णता कापडाने कमी होत नाही. उलट पदराने मानेकडची हवा थोडी अडवली. मला जाणवलेला मोठा फरक आवाजाचा होता. बोडक्या टोपावर वार बसला की आत घंटा वाजते आणि काही क्षण काही ऐकू येत नाही. लोकरीने तो आवाज दबका झाला. आणि दिसणं. रिंगणाच्या पलीकडून लोक मला ओळखू लागले. टोपात चेहरा नसतो, माणूस कोण हे ढाल, घोड्याची झूल आणि टोपावरचं कापड सांगतं. ऊन हे कारण असेलच, पण चित्रांत घोड्यापासून तुऱ्यापर्यंत तोच रंग फिरतो, तो उन्हासाठी नाही.

कँटरबरीला इंग्लंडच्या 'ब्लॅक प्रिन्स'ची, म्हणजे राजपुत्र एडवर्डची, समाधी आहे. तो १३७६ मध्ये वारला. त्याचा टोप, चामड्याचा साचा दिलेला सिंहाचा तुरा, ढाल, आणि मखमलीचा अंगरखा अजून आहेत. समाधीवर आता प्रती टांगल्या आहेत, त्या १९५४ मध्ये केल्या. अंगरख्यावर लाल-निळ्या चौकोनांत सोन्याच्या जरीने राजचिन्हं भरली आहेत आणि आत भरण घालून उभ्या ओळींनी गोधडीसारखा टाचला आहे. राजपुत्राच्या चिलखतावर सगळ्यात वर कापड होतं. स्वीडनच्या गोटलंड बेटावर विस्बीजवळ १३६१ मध्ये डॅनिश सैन्याने शेतकऱ्यांची कत्तल केली, त्यांना चिलखतांसकट सामूहिक कबरींत पुरलं. ती चिलखतं म्हणजे आतल्या बाजूने कापडाला किंवा चामड्याला ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या. वरचं आवरण कुजून गेलं, पट्ट्या उरल्या. म्हणून संग्रहालयात दिसतं ते चिलखताचं हाडूक असतं. आपल्याकडेही मखमलीवर पितळी मेखा ठोकलेले चिलते, म्हणजे कापडी चिलखतं, होते. १६५९ मध्ये अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांच्या मंदिलाखाली लोखंडी टोप होता, हे तर शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. लोखंड आत आणि कापड बाहेर ही जोडी दोन्हीकडे इतकी साधी होती, की मला आता बोडकं चिलखत बघितलं की ते अपुरंच वाटतं.

देखभालीचं थोडक्यात. कार्यक्रम झाला की दोऱ्या सोडून कापड काढायचं, उलटं करून सावलीत वाळवायचं, टोपाला तेलाचा बोळा फिरवायचा. दोन्ही एकत्र कधी ठेवायचे नाहीत, ओल राहिली तर लोखंड गंजतं आणि अस्तरावर तांबूस डाग उठतात, जे निघत नाहीत. लोकर पितळी डब्यात देवदाराच्या लाकडाच्या तुकड्यांबरोबर. कसर हा चौदाव्या शतकाइतकाच आजचाही शत्रू आहे. पावसावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. भिजली की लोकर जड होते आणि मान दुखते. त्या काळचे लोक पावसात काय करत असतील, मला वाटतं वैतागत असतील.

आता गटातल्या एकाला त्याच्या बॅसिनेटला आवरण हवंय. बॅसिनेट म्हणजे डोक्याला चिकटून बसणारा निमुळता टोप, ज्याच्या कडेला मानेची कड्यांची झालर लावलेली असते. तिथे अडचण वेगळी आहे. झालर लावायला कडेने ओळीत पितळी मेखा असतात, आणि त्या प्रत्येकीला कापडात भोक द्यावं लागणार. शिवाय त्याचा शेंडा मागे झुकलेला आहे, त्यामुळे चार सारख्या कळ्या चालणार नाहीत. मागच्या दोन लांब आणि पुढच्या आखूड कराव्या लागतील. मावशीला त्याचा फोटो पाठवलाय. तिचं उत्तर आलं: "हा बरा आहे, याला तरी डोक्याचा आकार आहे. पण मेखांना काज नको करूस, आधी कापड चढव आणि मग आरीने एकेक भोक पाड."